डावी बाजू

प्रत्येक देशात मी पहिला शब्द शिकलो तो 'मागे'.
नमस्कार नंतर. पाणी, पाव, पगार, तेही नंतर.
कोव्हिल्यात 'अत्राश', लार्नाकात 'पीसो',
बोतोशानीत 'इनापोय', सुमगाईतमध्ये 'गेरी'.
लेफ्ट बॅकला बाकी भाषा हवी कशाला?
एका अंगाला चुन्याची रेघ,
दुसऱ्या अंगाला कुणीतरी ओरडणारा.

मिन्देलोहून निघालो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.
आईने बॅगेत मक्याची दोन किलो कणी घातली.
लिस्बनच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ती बोटांनी चाळली.
'फुटबॉलपटू ना तू? मग हे कोंबड्यांचं खाणं कशाला?'
मी हसलो.
तेव्हा मी सगळ्यांनाच हसायचो.

कोव्हिल्यात लोकरीच्या गिरण्या बंद, थंडी मात्र चालू.
घरमालकीण दोना फेलिझ्बेलाने
वारलेल्या नवऱ्याचा कोट दिला.
बाह्या आखूड. आतल्या खिशात बसचं जुनं तिकीट,
जातानाचं. येतानाचं नव्हतं.
ते मी काढलं नाही. अजून तिथेच आहे.

लार्नाकाच्या क्लबाच्या अध्यक्षाचा पेट्रोल पंप होता.
पगार मागायला गेलं की म्हणायचा, टाकी भरून घेऊन जा.
माझ्याकडे गाडी नव्हती.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
मी तर एकाच घरी होतो.
संध्याकाळी खाऱ्या तळ्याकाठी फ्लेमिंगो मोजत बसायचो,
एका पायावर उभे,
दुसरा कुठे ठेवावा हे अजून ठरलेलं नाही असे.

बोतोशानीत गोल केला. अकरा वर्षांतला एकच.
खरं सांगतो, तो क्रॉस होता.
वाऱ्याने त्याला वळवलं, गोलकीपर चुकीच्या ढगाकडे बघत होता.
सूर्यफुलाच्या बिया सोलणाऱ्या एका म्हाताऱ्याने
उठून टोपी काढली, मग परत बिया.
त्या रात्री आईला फोनवर सांगितलं, 'नेम धरून मारला.'
तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पाद्रीबाबांना.
मिन्देलोत आता तो गोल चाळीस मीटरवरून झालेला आहे
आणि दर नाताळला आणखी थोडा लांबून होतो.

सुमगाईतमध्ये गुडघा गेला.
फिजिओ रोव्शान साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायचा
आणि माझी वाटी दाबत म्हणायचा, 'तुटलं नाही, कंटाळलंय.'
माझ्या जागी आणलेला पोरगा पहिल्याच दिवशी मला विचारायला आला,
हे 'गेरी, गेरी' करतात, म्हणजे काय?
सांगितलं.
आणखी काय करणार.

तिकडे आई घर बांधत होती, माझ्या मागोमाग.
पोर्तुगालचा तळमजला. रुमेनियाचा जिना.
अझरबैजानचा स्लॅब, घाईघाईत ओतलेला.
सायप्रसचं एक दार, तेही उधारीवर.
वर सळया तशाच आभाळात घुसलेल्या,
अजून एखाद्या देशाची वाट बघत.
आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते.

आता एटेलब्रुक.
रात्री गोदामात पार्सलं लावतो.
कोव्हिल्याच्या पत्त्याचं एखादं हाताशी आलं
की जरा जपून ठेवतो, उगाच.
रविवारी चौथ्या विभागात खेळतो, नदीकाठच्या मैदानावर.
बॉल पाण्यात गेला की सामना थांबतो,
कुणीतरी लांब दांड्याची जाळी आणतं.
इव्हांद्रा, माझी पोरगी, नऊ वर्षांची, रेघेबाहेर उभी राहून
हातमोजे तोंडाशी धरून ओरडते, 'पापा, त्सेरेक!'
इथल्या भाषेत, इथल्यासारखी. माझा उच्चार तिला हसू आणतो.
मी वळतो.
गुडघा माझ्यानंतर वळतो.

आई फोनवर विचारते, हल्ली कुठे खेळतोस?
डावीकडे.
अजून?
अजून.
मग थोडा वेळ दोघंही गप्प.
मग ती म्हणते, सळयांना गंज चढलाय,
रंग लावू, की थांबू?