टेंडर

खानापुरात अकरावीच्या तासाला
फळ्यावर लिहिलं : टेंडर.
विशेषण आहे, म्हटलं. अर्थ सांगा.
सातेरी घाडी उठला,
'रस्त्याचं, सर. औंदा जांबोटीचं कुणाला गेलं
आमच्या बाबांस्नी ठाऊक हाय.'
वर्ग हसला. मीही.

मग शब्द मांडत गेलो :
कोवळं, मऊ, नाजूक, हळवं.
मागच्या बाकावरून महादेवी हुक्केरी,
'आमच्यात एळे म्हणत्यात. एळनीर नाही काय, सर,
तेच्यातलं.'
शहाळं!
वीस वर्षं शिकवतोय, मला सुचलं नव्हतं.

सॉफ्ट का नको?
सॉफ्ट कापूस. दाबला तरी कापसाला पत्ता नसतो.
जेंटल असतो हात,
टेंडर ती हाताखालची जागा.
आणि डेलिकेट... ते कपबशांच्या खोक्यावर,
एवढं बोलून मी घड्याळ पाहिलं.
वाक्यात उपयोग करा, घरून.

दुसऱ्या दिवशी बावीस वह्यांत टेंडर कोकोनट,
एकीत टेंडर मटण.
सातेरीच्या वहीत आई.
बेळगावचा मोठा दवाखाना,
तिच्या उजव्या कुशीवर डॉक्टरची दोन बोटं,
आणि केसपेपरवर तो शब्द.
इंग्रजी तिथं संपलं होतं.
खाली पेन्सिलीनं, मराठीत :
'दुखुलालंय म्हणायचं हुतं तिला.
तिला कन्नड येत नाही, डॉक्टरला मराठी.
तेनी दाबलं, ती कळवळली,
मग तेला कळलं.'

लाल पेनाचं टोपण काढलं.
स्पेलिंग बरोबर होतं.
एका ठिकाणी काळ चुकला होता,
तो तसाच राहू दिला.