बर्फाखालची दोरी

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला.
तो दर वर्षी जातो, त्यात नवल नाही,
इनारीच्या उत्तरेला रेनडिअरसुद्धा ते मनावर घेत नाहीत.
माझं काहीतरी मात्र त्याच्यासोबत गेलं होतं फार आधी,
आणि ते उन्हाळ्यातही परतलं नव्हतं.

तीन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून.
केसांच्या जटा. ताटलीत सुकलेला बटाटा.
कोपऱ्यातल्या फळीवर संत निकोलस,
त्याच्यापुढचा दिवा कधी विझला ठाऊक नाही.
प्रार्थना करू गेले की शब्द
ओल्या सरपणासारखे,
नुसता धूर.

दोम्ना आली. बूट झटकले, कुत्र्याला दटावलं,
"कशी आहेस" असं विचारलं नाही.
इवालोच्या दवाखान्यातली गोळी
आणि रविवारच्या आशीर्वादाचा पाव
एकाच तळहातावर ठेवून पुढे केला,
जणू दोन्ही एकाच भट्टीतले.
दिव्यात तेल घातलं.
"तुझी प्रार्थना आज मी केली," म्हणाली,
"काय मागायचं ते सुचेना, म्हणून नुसतं सांगितलं:
फेक्लाची मुलगी इरिन्या, अजून आहे.
ऊठ आता. जाळं काढायचंय, एकटीने ओढवत नाही."

(हे खोटं होतं. चाळीस वर्षं ती एकटीच ओढते.)

भर दुपारी तळ्यावर निळा अंधार.
दोन भोकं, मध्ये तीस पावलं बर्फ.
दोम्नाने पहारीने वरची साय फोडली,
आणि जे मी लहानपणी शंभरदा पाहिलं होतं
ते पुन्हा केलं, माझ्यासमोर, सावकाश:
जाळं ओढून घेण्याआधी
त्याच्या पलीकडच्या टोकाला साधी दोरी बांधली.
जाळं बाहेर येत गेलं,
दोरी आत जात राहिली,
बर्फाखालून, काळोखातून,
काहीही न पकडता.

"ही कशाला?" मी विचारलं,
ठाऊक असून, केवळ
आपला आवाज अजून आहे का बघायला.
"मासे नाही लागत गं दोरीला.
वाट राखते ती. नाहीतर जाळं परत जाणार कसं?"

तीन मासे. एक बोटाएवढा, तो सोडून दिला.
हात गारठले, लाल झाले, ठणकले,
आणि ठणकताहेत हे मला कळलं.

त्या रात्री मी बरी झाले नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरलं.
पण झोपण्याआधी दिव्याकडे वळून "देवा" म्हणाले.
पुढे काही आलं नाही. वाट पाहिली, तरी नाही.
मग तेवढंच राहू दिलं पाण्याखाली,
एक टोक इथे, दुसरं
कुठे बांधलंय मला दिसत नव्हतं.

जानेवारीत टेकडीमागून सूर्याची कड दिसली म्हणे.
मी झोपले होते.

फेब्रुवारीत दोम्ना तापाने पडली.
कुत्रा माझ्या दारात येऊन बसला.
मी तेल घातलं, वात वर केली.
मोठी प्रार्थना मला अजून येत नाही.
"दोम्ना," म्हणाले, "अजून आहे."
जरा थांबून, "मीही."
आणि पहार घेऊन निघाले.
कुत्रा पुढे.