उघाडी

पाटी मी लिहिली.
घरतांचा आगर, तळवली खाडी. चार पिढ्यांचे मीठ.
सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. सोमवारी बंद.
जोमादादाने चष्मा कपाळावर सारून ती वाचली,
पुन्हा वाचली,
आणि म्हणाला, "त्यां भरतीला कोनी सांगलान?"

अठ्ठावीस कोंड्या उरल्यात. बाकीच्यांवर सेक्टर आला.
चुलत्यांच्या वाट्याला प्लॉट, प्लॉटवर सात मजले,
तळमजल्यावर मोबाईलचं दुकान आणि दातांचा डॉक्टर.
कोपऱ्यातलं हे पाणी तेवढं कोणी मागितलं नाही,
म्हणून ते वारसा झालं.

शेडमध्ये डावीकडून:
कावड.
मापाचा डबा, तळाला गंजून चाळण झालेला.
हिशेबाची वही, जिच्यात आत्याचं लग्न
'किरकोळ'खाली मांडलंय.
आणि फळी, सागाची, लांब दांड्याची.
वस्तूंना हात लावू नये, हेही मीच लिहिलं.
जोमादादा रोज सहाला ती खिळ्यावरून काढतो,
उन्हं तापायच्या आत मीठ ओढतो,
दहाला पाच कमी असताना परत अडकवतो. ओली.
भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा डाग पडलाय.
समितीच्या बाई म्हणाल्या, ओल येतेय,
वॉटरप्रूफिंग करून घ्या.

कागदावर तो प्रात्यक्षिक सहाय्यक, मानधन अकरा हजार.
आपल्याच बापाची नक्कल करायचे पैसे, असं तो म्हणतो,
आणि नक्कल अजून नीट जमत नाही, असंही.

जूनमध्ये प्रश्न आला: पावसाळ्यात पाहुण्यांना दाखवायचं काय?
ठराव झाला. गुजरातहून दहा गोण्या मीठ आलं,
कोंडीत पसरायला, फोटोपुरतं.
जोमादादा काही बोलला नाही.
जुलैच्या उधाणात बांध खचला त्या रात्री
त्याने त्या गोण्या भगदाडात रचल्या, एकावर एक.
पहाटेपर्यंत टिकल्या.
मग खाडीने मीठ आपल्यात घेतलं,
रिकामी पोती तेवढी तिवरांना लटकली.
मी अहवालात लिहिलं: साहित्य वापरात आले.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पिकवायच्या मिठालाही जागावं लागतं,
हे कुठल्या फलकावर बसवू,
फलक दीड फूट बाय एक.

पौषातली अमावास्या. भरती एक वाजून दहा मिनिटांची.
संग्रहालय बंद. तिकीट नाही, पाहुणा नाही,
पलीकडच्या टॉवरचे दिवे कोंड्यांत उलटे टांगलेले.
उघाडीचं दार उचलायला तो गुडघाभर चिखलात,
बासष्ट वर्षांचा, हाफ पँट, कानाला मफलर.
लाकूड फुगलेलं, हलेना.
त्याने त्याला एक अस्सल शिवी हासडली,
जी मी ऑडिओ गाइडमध्ये घेतलेली नाही.
मग आलं एकदम.
काळं, थंड, दोन चिंबोऱ्या पुढे घालून,
त्याच्या पणजोबाच्या वेळी आलं असेल तसंच,
की नाही, कोण जाणे.

नीट बघून ठेवावं म्हणून मी टॉर्च पेटवली,
पाण्यावर धरली.
"मालव ती," जोमादादा म्हणाला.
"पानी दिसत नाय."