पाव बोट जागा

लोखंड नको, सुगंधा म्हणाली.
सोप्याला काय पण बसवा, लोखंड नको.
मी एकतीस वर्षं उद्यमबागेत मोल्डर,
काळ्या वाळूत कोपरापर्यंत हात,
पंपांची पोटं ओतली, ब्रेकचे ड्रम ओतले,
आणि माझ्याच सोप्याला प्लास्टिक?
ती म्हणाली, तुमचे कपडे एकतीस वर्षं मीच धुतले की.
शेवटच्या पाण्यालाही काळंच निघायचं.
आता पांढरं पायजे. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

जुने सागवानी खांब वाळवीनं आतून खाल्लेले.
वरून रंग शाबूत. बोट दाबलं
तर बोट आत.
तिचा गुडघा ऑपरेशनचा, पायऱ्या तीन,
धरायला काहीतरी हवंच.

खानापूर रोडवरचं दुकान.
पाटी कन्नडात, मालक मारवाडी, घासाघीस मराठीत.
कॅटलॉगात गोल खांब, खाचांचे खांब,
डोक्यावर पानं फुललेले,
आणि लाकडासारखे, गाठीसुद्धा छापलेल्या.
ही गाठ बघा, म्हणाला, अगदी ओरिजनल.
सुगंधानं गाठीवर नख ओढलं, पान उलटलं.
हे चौकोनी, साधे. आणि कठड्याला गज उभे,
आडव्यांवर नातू चढतंय.
वीस वर्षं काही होत नाही, मालक म्हणाला.
वीस बास झाली की आम्हाला, ती म्हणाली.
बिलातले आकडे तेवढे मला वाचता आले.

इरफान मकानदार फिटर, कित्तूरकडचा.
पोऱ्याशी कन्नड, आमच्याशी मराठी,
फोनवर आईशी तिसरंच.
निलगिरीच्या बल्ल्या लावून त्यानं तुळई उचलून धरली.
सागवान काढतानाच मोडलं,
आत मातीच्या वाटा, एखाद्या गावासारख्या.
मग खोक्यातून पांढरा खांब निघाला.
मी टिचकी मारली. डब्यासारखा वाजला.
हा तोलतोय होय रे?
हा कुठं तोलतोय काका. हा नुसता अंगरखा.
तोलायला आत पाइप लागतोय. लोखंडाचा.

आत ओट्याशी भाकऱ्या चाललेल्या.
मी दाराकडं बघितलं. इरफाननं पण बघितलं.
थापणं थांबलं नाही.

लुमाण्णा पावशेनं भंगारातनं
चार बुडं ओतून दिली, खांबांखाली बसवायला.
घरात सांगितलंस काय?
न्हाय.
मग पिशवीतनं ने.
नेली, दोन खेपांत, वर मेथीची पेंडी.
बुडं अजून गरम होती.

सुगंधा टाके दाखवायला गेली त्या सकाळी
बोल्ट आवळले, पाइप उभे केले,
त्यांवर पांढरं सरसर उतरलं, खाली कॉलर बसली.
मच्छ्याच्या रस्त्यावरनं बघणाऱ्याला
नुसतं पांढरं.

कठड्याच्या टोकाला इरफाननं फट सोडली,
पाव बोट.
मी म्हटलं, माप चुकलं.
चुकलं न्हाय काका. उन्हात हे वाढतंय.
जागा न्हाय दिली तर वाकतंय.
मला ठाऊक होतं हे, उलट्या बाजूनं:
ओतलेलं निवताना आकसतं,
म्हणून लाकडी नमुना थोडा थोरला ठेवायचा.
आमची पट्टीच वेगळी, तिच्यावरचा फूट
फुटापेक्षा मोठा.
एकतीस वर्षं ती पट्टी हातात होती.
घरी कधी आणली नाही.

दुपारी ऊन सोप्यावर आलं. फट मिटत आली.
सुगंधा कठडा धरून एक पायरी चढली,
दुसरीवर थांबली,
खांब वर वाजवला, बोटांनी.
मग वाकून, त्या गुडघ्यानिशी,
कॉलरपाशी वाजवला.
काही बोलली नाही.
आत जाऊन फडकं ओलं करून आणलं,
कॉलरवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा होता
तो पुसला, दोनदा.
तरीच म्हटलं, म्हणाली,
मेथी त्या दिवशी अर्धी शिजूनच आलेली.