काचेखालचा कागद

पणजीला, सांतिनेजच्या ऑफिसात,
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे,
सिनायबाबांच्या तिरक्या अक्षरातला.
वर लिहिलंय: म्हणाले.
खाली तेवीस शब्द, पेन दोनदा बदललेलं.

‘एका कॉलमात दोनदा म्हणाले दिसलं
तर वाचक पान उलटतो,’ असं ते सांगायचे.
(सांगितले: यादीत दुसरा.)
निवृत्त होताना त्यांनी खुर्चीची उशी नेली,
कागद ठेवला.

सतरा वर्षांत मला कळलं ते एवढंच
की या शब्दांनाही खुर्च्या असतात.
मंत्री प्रतिपादन करतात, नाहीतर ग्वाही देतात.
ग्वाही म्हणजे साक्ष;
पण आमच्या ग्वाहीला
साक्षीदार कधी लागला नाही.
विरोधक आगपाखड करतात,
भाजलेला माणूस अजून तरी बघितला नाही.
सूत्रांना तोंड नसतं, तीच सगळ्यात जास्त बोलतात.
सरपंच नमूद करतात,
ग्रामस्थ आरोप करतात,
बायका टाहो फोडतात,
मग त्या कितीही हळू बोललेल्या असोत.
आणि कंपनी?
‘प्रतिक्रिया उपलब्ध होऊ शकली नाही.’
गप्प बसण्यालाही आम्ही
पाच शब्दांचा कोट शिवून देतो.

मंगळवारी रात्री सांग्याहून बाबुसोची बातमी आली.
काजूमळ वाड्यावरची झर, खाणीची माती,
ग्रामसभा, गदारोळ.
शेवटून दुसऱ्या ओळीत:
‘सुंद्री वेळीप यांनी तीव्र संताप व्यक्त केला.’

मी फोन लावला. काय म्हणाली ती?
‘कांयच ना रे,’ बाबुसो जेवत होता,
‘बाटली हाडिल्ली. तांबडें उदक.
मेजार दवरली, सायबा मुखार,
आनी म्हणटा, पियेयात.’
चिडून?
‘ना. घरा सोयरो आयल्यार
म्हणटात न्ही, तशें.’

पावणेअकरा. पान अकराला सुटतं.
मी काचेवर वाकलो.
इशारा दिला? नाही दिला.
आवाहन केलं? ते माईकवरून करतात.
विनंती? विनंती करणारा वर बघतो,
ती तर बाटलीचं बूच काढत होती.
आग्रह केला, हे तसं खरं,
पण आग्रहाला लगेच जिलेबीचा वास येतो.
खडसावलं, सुनावलं, ठणकावलं:
हे सगळे आवाज चढवून घरात शिरणारे,
आणि तिचा आवाज
बाबुसोला भाताच्या घासाआडूनही
साधाच आठवत होता.

तेविसावा शब्द ‘उद्गारले’.
तो मी अजून कुणालाच दिलेला नाही,
तिलाही नाही दिला.

शेवटी संताप खोडला, तीव्र खोडलं,
व्यक्त तर आधीच मेलेला होता.
नुसतं लिहिलं,
सुंद्री वेळीप: ‘पियेयात.’
मध्ये दोन टिंबं.
व्याकरणात त्यांना अपूर्णविराम म्हणतात,
हे शाळेत पाठ केलं होतं,
उपयोग असा कधी झाला नव्हता.

सकाळी अंक बघितला.
पानं लावणाऱ्या फ्लोरियानोला वाटलं
क्रियापद गळलंय.
चांगला मुलगा आहे. त्यानं टिंबं काढून
‘म्हणाल्या’ घातलं.
यादीतला पहिला.
पान सातवर, खालच्या कोपऱ्यात,
टायरच्या जाहिरातीच्या वर.

दुपारी बाबुसोचा फोन.
वाड्यावर कुणीतरी तिला बातमी वाचून दाखवली.
मग?
‘मागीर कितें. मान हालयली.’
बरं वाटलं का तिला?
तो जरा थांबला. मागे बस सुटल्याचा आवाज.
‘विचारीत आशिल्ली,
पंचायतींत उरिल्ली ती बाटली
परत केन्ना मेळटली.’

विचारले.
यादीत अठरावा.
आम्ही तो बहुतेक
पत्रकारांसाठीच राखून ठेवतो.