दोन एक्स अधिक वाय

पाचपावलीची रात्रशाळा, नागपूरचा एप्रिल.
कूलरच्या ओल्या गवताचा वास
आणि खडूची धूळ एकाच वाऱ्यावर.

देवाजी पराते दहावीला बसलेत. वय बावन्न.
माग विकला त्या वर्षी त्यांनी पोह्यांचा ठेला लावला;
वहीच्या प्रत्येक कोपऱ्यावर
तर्रीचा केशरी अंगठा.

म्हणून मी उदाहरण ठेल्यावरूनच उचललं:
पोहे वीस, चहा दहा,
गिऱ्हाइकाने शंभराची नोट पूर्ण संपवली.
दोन्हीकडचं एकेक शून्य पुसलं.
दोन एक्स अधिक वाय बरोबर दहा.

"पाच पोहे, चहा नाही."
बरोबर. ते वही मिटू लागले.
"थांबा. चार पोहे घेतले तर?"
"मंग दोन चहा."
"तीन?"
"चार चहा. पन मॅडम जी, यातलं उत्तर कोन्तं?"

सगळी, मी म्हटलं.
त्यांना पटेना.
इतवारीचा शेठ मजुरीचा एकच आकडा सांगायचा
आणि तीस वर्षं तोच बरोबर होता.

मी बिंदू मांडले. पट्टी सापडेना.
त्यांनी खिशातून सूत काढलं,
एक टोक माझ्या हाती, एक त्यांच्या,
आणि ताणलं, सवयीने, जरा जास्तच.
सगळे बिंदू सुताखाली गेले.
"मधात साडेचार पोहे, एक चहा?"
तोही.
"हाफ प्लेट आमी देतोच."
"आणि सहा पोहे खाल्ले तर वाय उणे दोन."
"म्हंजे उधारी," ते पटकन म्हणाले.
अक्षाखालचं त्यांना आधीच येत होतं.

रेषा फळ्याशी थांबत नाही, मी सांगत होते,
खिडकीतून, पुलावरून, कामठीच्याही पुढे,
आणि दुसऱ्या टोकानेही तशीच.
त्यांचं लक्ष नव्हतं.
त्यांनी सूत सोडलं, खडू घेतला,
सुताच्या जागेखाली बोटभर अंतरावर
एक बिंदू काढला. तीन, तीन.

"परवा पोरगं ठेल्यावर होतं.
तीन पोहे, तीन चहा, म्हने शंभर संपले."
दोन त्रिक सहा, अधिक तीन.
नऊ, ते स्वतःशीच म्हणाले.
मग पुन्हा एकदा मांडून पाहिलं,
या वेळी हळू, जणू बेरीज बदलेल.

"खर्रा खाते वाटते," इतकंच.
बाहीने तो बिंदू पुसला,
बाकीचे तसेच ठेवले.

जाताना सूत बोटांवर गुंडाळत म्हणाले,
"उद्या लंबं आनतो, मॅडम जी.
हे तर खिडकीपाशीच सरलं."