तीनशे सीसी

ओर्नेल्ला घेतानाच म्हणाली होती,
"ना धड सायकल, ना धड घोडा."
सेंटर स्टँडवर चढवताना कंबर धरते.
सीटखाली मात्र हेल्मेट मावतं, रेनकोट मावतो,
परवाचा विसरलेला फोकाच्चा पाव;
तेलाचा वास अजून गेला नाही.

जेनोवात सकाळी समुद्राचा वारा आडवा येतो.
उड्डाणपुलावर मी जरा तिरकाच चालवतो,
गुडघ्यांवर रबरी गोधडी,
उजवीकडे क्रेन, जहाजं,
आठाला सहा मिनिटं कमी.

मोठ्या बाइकवाले एकमेकांना दोन बोटं दाखवतात.
मला नाही.
बावीस वर्षं कारकुनी केली,
सवय आहे.

आज समोरून एकाने दाखवली.
मी आरशात बघितलं:
मागे मासळीचा टेम्पो,
ड्रायव्हर जांभई देत होता.

तरी ऑफिस येईस्तोवर
डावा हात
हँडलवर सैलच राहिला.